प्लास्टरनं गप्प बसावं

कुणाच्याही घरी गेले की ते आधी भिंतीला भेटत, मग माणसांना. चपला काढायच्या, उजव्या हाताचं मधलं बोट दुमडायचं आणि दारालगतच्या भिंतीवर पेरानं तीनदा ठोकायचं. मान किंचित तिरकी, डोळे मिटलेले. यजमानीण पाण्याचा ग्लास घेऊन समोर उभी असली तरी तिनं थांबायचं. तिसऱ्या ठोक्यानंतर डोळे उघडत आणि निकाल देत. "उत्तम." किंवा, "खिडकीखाली सुटलंय. पावसाळ्याच्या आत बघून घ्या."

बारशाला गेले तरी हेच आणि मयताला गेले तरी हेच. आमच्या ऑफिसातल्या एकाचे वडील वारले, तेव्हा सांत्वनाला गेलेल्या या गृहस्थांनी हार घातलेल्या फोटोची भिंत वाजवली आणि म्हणाले, "फोटो दुसरीकडे लावा. खिळा पोकळीत बसलाय." त्या मुलानं रागानं महिनाभर बोलणं टाकलं. मग एक दिवस फोटो खिळ्यासकट खाली आला, तेव्हा मुकाट्यानं पुन्हा बोलायला लागला.

त्या पेरावर हरभऱ्याएवढा घट्टा होता. काही बोलायचं नसलं की ते अंगठ्यानं तो घट्टा चोळत बसत.

मी हे कौतुक म्हणून लिहीत नाही. त्यांचं कौतुक करायचा अधिकार मी कधीच घालवून बसलोय. पण त्यांच्याबद्दल गमतीजमती सांगणारी माणसं लखनौत अजून आहेत, आणि गमती सांगून झाल्या की सगळे हसतात, आणि मीही हसतो. त्याचा मला वीट आलाय.

माझी त्यांची पहिली भेट लखनौच्या चारबाग स्टेशनवर झाली. मी बार्शीहून निघून, दोनदा गाडी बदलून, लोखंडी ट्रंक घेऊन उतरलो होतो. नोकरी एका इंग्रज कंपनीत लागली होती. तयार प्लास्टर, भिंतीची पुट्टी, टाइल चिकटवायचा मसाला असला बांधकामाचा माल करणारी कंपनी. कारखाना बख्शी का तालाबच्या पुढे, शेतांच्या मधोमध. हे तिथले क्वालिटीचे प्रमुख आणि मी त्यांचा असिस्टंट. अख्ख्या कारखान्यात मराठी माणसं दोन, हे आणि आता मी. म्हणून ते स्वतः घ्यायला आले होते. स्टेशनसमोरच्या हॉटेलात कंपनीनं माझ्यासाठी खोली घेतली होती. मला वाटलं, विचारतील प्रवास कसा झाला. ते थेट पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीपाशी गेले. तीन ठोके.

"पलंग ओढा इकडे. ही भिंत रात्री तुमच्या डोक्यात येईल."

आम्ही दोघांनी मिळून पलंग खोलीच्या मधोमध ओढला. मग त्यांनी विचारलं, "चहा घेणार?"

मी संकोचानं म्हटलं, "चालेल."

"चालेल म्हणजे काय? हवाय की नकोय?"

"हवाय."

"मग तसं सांगा. हा शब्द आपल्या धंद्यात वापरायचा नाही. आपल्याकडं दोनच शब्द, पास आणि नापास. मराठी माणसाची निम्मी घरं या 'चालेल'नं गळतात."

पुढं मी पाहिलं, हा त्यांचा खरोखरचा नेम होता. खानावळवाल्यानं 'दाल चलेगी?' असं विचारलं तरी ते 'चाहिए' किंवा 'नहीं चाहिए' असंच उत्तर देत. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'चालेल' कुणी ऐकला नव्हता. कारखान्यातले लोक मुद्दाम विचारून बघत. "साहब, कल इतवार को आ जाएँ तो चलेगा?" ते म्हणत, "आना है तो आइए।"

आणि सगळ्यांना अहो-जाहो. शिपायाला, हमालाला, गेटवर झोपणाऱ्या कुत्र्यालासुद्धा. "अहो, सरका जरा," असं ते कुत्र्याला मराठीत सांगत आणि कुत्रा सरके. त्यांची हिंदी मात्र लखनौच्या माणसाला झीट आणणारी. बख्शी का तालाबचेच एक म्हातारे मिस्त्री होते, कारखान्यात नमुन्याचं प्लास्टर करायला ठेवलेले. हे त्यांना म्हणत, "मिस्त्रीजी, दीवार बोलता है क्या?" मिस्त्री अदबीनं दुरुस्त करत, "बोलती है, साहब।" मग हे चिडत, "हमारा दीवार नहीं बोलना चाहिए!" हा संवाद आठवड्यातून एकदा तरी व्हायचाच.

या 'बोलण्या'चं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

माझ्या मामाची बार्शीला वीटभट्टी होती. तिथं चांगली भाजलेली वीट टिचकी मारली की खणखणीत वाजते, आणि आम्ही म्हणायचो, वीट बोलते. न बोलणारी वीट कच्ची. मी त्याच भाषेत वाढलेला. नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात हे कानपूरला गेले होते आणि मला मिस्त्रींबरोबर एका साइटवर पाठवलं होतं. त्यांचा फोन आला, "प्लास्टर बोलतंय का?" मी पेरानं ठोकून पाहिलं. भरीव, ठक्क आवाज. मी आनंदानं सांगितलं, "हो साहेब, मस्त बोलतंय!"

"सगळं?"

"सगळंच्या सगळं!"

मग, "मिस्त्रीजींना सांगा, उतरवायला घ्या."

मला काही उमगेना. पण साहेबांचा हुकूम. मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, "साहब, अच्छी-भली दीवार है," असं दोनदा म्हणाले, आणि छिन्नी-हातोडा घेतला. संध्याकाळी हे आले, तेव्हा पाऊण भिंत खाली पडली होती. उरलेल्या पट्ट्यावर त्यांनी तीन ठोके मारले. पट्टा उत्तम होता. सगळीच भिंत उत्तम होती. प्लास्टरनं बोलणं म्हणजे मागं पोकळी असणं, ते विटेपासून सुटलेलं असणं. मी चांगली भिंत पाडून बसलो होतो.

मला वाटलं, नोकरी गेली. ते ढिगाऱ्यावर बसले आणि हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "अरे गाढवा," ते म्हणाले, "वीट बोलली पाहिजे. प्लास्टरनं गप्प बसावं. उलटं करतोस व्हय रे!"

मग शर्टाच्या बाह्या वर करून, मिस्त्रींच्या हाताखाली, माझ्याकडून ती भिंत त्यांनी पुन्हा लिंपून घेतली. चार दिवस लागले. त्या दिवसापासून मी त्यांचा 'अरे' झालो. कारखान्यात, लखनौत, बहुधा सबंध उत्तर प्रदेशात ते 'अरे-तुरे' करत असा मी एकटा माणूस होतो. मला त्याचा काय अभिमान होता!

कंपनीवर त्यांचा जीव होता. ही त्यांची सगळ्यात मोठी विक्षिप्तता. बाकीच्या सवयींवर लोक हसायचे, पण खरं हसण्यासारखं काही असेल तर ते हेच.

कंपनीचं माहितीपुस्तक त्यांना पाठ होतं आणि ते ती कथा पोथी सांगावी तशी सांगत. कुठल्याशा इंग्रजी खेड्यात दोन भाऊ चुन्याची भट्टी लावायचे. भट्टी उतरेपर्यंत थोरला भाऊ तिथंच खाट टाकून असे, आणि नव्या भट्टीचा पहिला चुना आधी स्वतःच्या घराला लावे. घराला लावून वर्ष काढलं, तरच बाजारात. त्यांच्या नातवांनी कौलांचा कारखाना घेतला, मग विटांचा, मग जिप्समचा. मग इंग्लंड पुरेना. बाहेरचे देश झाले आणि एक दिवस लखनौच्या एका लालाजींचा प्लास्टरचा कारखाना आला. हे लालाजींच्या काळापासून तिथं नोकरीला. लालाजींकडं एकच नियम होता, ट्रक थांबता कामा नये. इंग्रज आले ते निळ्या पुठ्ठ्याचं जाडजूड नियमांचं बाड घेऊन, आणि त्यात पहिल्याच पानावर लिहिलं होतं की शंका असेल तर माल थांबवा. यांना वाटलं, आपलं म्हणणं समजणारं कुणीतरी या जगात आहे आणि ते इंग्लंडात राहतं.

"थोरल्या भावानं आधी स्वतःच्या घराला लावला," हे वाक्य ते इतक्या प्रेमानं म्हणत की जणू त्या भावाच्या पंगतीला जेवून आलेत. मी एकदा म्हटलं, "साहेब, ही छापील गोष्ट आहे. कुणीतरी जाहिरातवाल्यानं लिहिली असेल." त्यांना राग आला नाही. म्हणाले, "असू दे. छापलीय ना? मग आता त्यांना पाळावी लागेल."

काय म्हणावं या माणसाला?

निळ्या बाडाप्रमाणं प्रत्येक घाण्याची चाचणी व्हायची. घाणा म्हणजे एका वेळी मिसळलेला माल. कारखान्याच्या मागं एक लांबलचक भिंत होती. प्रत्येक घाण्यातलं थोडं प्लास्टर तिच्यावर ताटाएवढ्या ठिगळात लावायचं, शेजारी लाल ऑइलपेंटनं नंबर घालायचा, आठवडाभर पाणी मारायचं, मग हे येऊन वाजवणार. ठिगळ गप्प असलं तर पांढऱ्या चिठ्ठीवर सही. सही असेल तरच ट्रक गेटबाहेर. कामगार त्या भिंतीला 'साहब की पाठशाला' म्हणत. नापास झालेल्या घाण्याच्या गोण्यांवर ते स्वतः लाल फुली मारत आणि कोपऱ्यात लावून ठेवत. त्यावर पुन्हा चर्चा नाही, भांडण नाही. त्या गोण्यांकडं ते वळून बघतही नसत.

आठ वर्षं मी त्यांच्याबरोबर ती भिंत वाजवली. अमीनाबादेत एका कापडवाल्याच्या वरच्या खोलीत ते एकटे राहत. रविवारी मला बोलावत, बाजरीच्या भाकरी थापत. पीठ लखनौत मिळायचं, पण जाडसर. भाकरी चिरली की तिलाही नापास करत आणि गायीला घालत. माझं लग्न ठरलं तेव्हा बायकोच्या घरच्यांना माझी हमी यांनीच दिली होती. "मुलगा वाजवून घेतलेला आहे," असं पत्रात लिहिलं होतं. सासऱ्यांना कळेना की याचा अर्थ काय.

मग कंपनीच गिळली गेली. आयुष्यभर दुसऱ्यांना गिळत आलेली इंग्रज कंपनी युरोपातल्या तिच्याहून मोठ्या एका समूहानं विकत घेतली. आम्हाला कळलं ते मोबाइलवर आलेल्या बातमीवरून. दुसऱ्या दिवशी ईमेल आलं की आपण सगळे आता एका मोठ्या कुटुंबात आलो आहोत. हे दिवसभर ते ईमेल वाचत होते. "नियमांचं बाड तेच राहील ना?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राहील. मला काय माहीत होतं?

हस्तांतर व्हायच्या आधी गोदामं रिकामी दिसली पाहिजेत, असा वरून आदेश आला. त्याच सुमारास मौरंगेत, म्हणजे इकडच्या जाड वाळूत, स्वस्तातली बारीक मातकट वाळू मिसळायला सुरुवात झाली होती. यांनी विरोध केला होता. त्या वाळूचा पहिला मोठा घाणा तयार झाला, भिंतीवर ठिगळ लागलं, आणि त्याच संध्याकाळी सांगलीहून फोन आला की यांचा धाकटा भाऊ गेला. बिनलग्नाचा. दिवस करणारे हेच.

इतक्या वर्षांत त्यांनी घेतलेली ही पहिली मोठी रजा. जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि एक पाकीट दिलं. आत तीन कोऱ्या पांढऱ्या चिठ्ठ्या होत्या, खाली त्यांची सही केलेली. निळ्या बाडातला एकही नियम त्यांनी कधी मोडला नव्हता, तो हा एक मोडला.

"माझ्या सहीशिवाय ट्रक अडतील. मी फोन करीन. बोलत नसेल तरच भर." आणि गाडीत बसताना, "तू आहेस म्हणून जातोय रे."

दहाव्या दिवशी सकाळी मी ते ठिगळ वाजवलं. ते बोललं. मध्यापासून उजवीकडं, चांगलं डब डब बोललं. मिस्त्री शेजारी उभे होते. त्यांनी नुसती मान हलवली आणि हात धुवायला गेले.

रीजनल मॅनेजर लखनौचेच, अतिशय गोड माणूस. त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला. "देखिए, नए लोग आ रहे हैं। क्वालिटी में दो की जगह एक ही आदमी रहेगा। मैं तो चाहता हूँ आप रहें। उनकी तो उम्र हो गई।" मग जरा थांबून, "आपका फ़्लैट भी तो बन रहा है न? माल यहीं से उठवा लीजिए, स्टाफ़ के हिसाब से। बस आज ट्रक निकल जाएँ। ज़रा-सा तो है, चल जाएगा।"

चल जाएगा. मी पाकीट खिशात घेऊनच बसलो होतो.

दुपारी फोन आला. आवाज दमलेला. "घाटावरून आत्ताच आलो. कावळा शिवेना रे. फार वेळ लागला. मग मी मनात म्हटलं, तुझ्या घराचं छप्पर मी बघतो, तू जा. तेव्हा शिवला." मग म्हणाले, "बरं, ते ठिगळ बोलतंय का?"

मी म्हटलं, "नाही साहेब."

"नीट ऐकलंस? तिन्ही ठोके?"

"गप्प आहे."

"मग भर चिठ्ठी," ते म्हणाले, आणि वर, "जेवलास का?"

लोक म्हणतात, अशा वेळी हात थरथरतो. काही थरथरत नाही. मी नंबर घातला, तारीख घातली, 'पास' लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच चांगलं आलं होतं. ट्रक एका मोठ्या वसतिगृहाच्या कामावर गेले. त्या इमारतीत पुढं दीडेकशे पोरी राहणार होत्या, हे मला माहीत होतं.

ते परत आले ते चारबागहून सरळ कारखान्यात. डोक्याचं मुंडन, हातात पिशवी. चहासुद्धा न घेता मागच्या भिंतीकडं गेले. मी मागोमाग. त्यांनी बोट दुमडलं आणि ठोकलं. एकदाच. दुसरा ठोका त्यांनी मारलाच नाही. हात तसाच भिंतीवर ठेवून उभे राहिले.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. काहीही. ते शिव्या घालतील, मारतीलसुद्धा, याची तयारी मी रात्रभर करून आलो होतो. ते वळले, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही जेवलात का?"

मी म्हटलं, हो. ते "बरं" म्हणाले आणि ऑफिसकडं चालू लागले.

'तुम्ही'. गेटवरच्या कुत्र्याला म्हणत तसं.

त्या दिवसापासून त्यांनी माल परत बोलवायचा ध्यास घेतला. रीजनल मॅनेजरांना लेखी दिलं. साइटवर गेले, तर निम्म्या भिंती आणि छतं होऊन गेली होती. शेवटी त्यांनी इंग्लंडला लिहिलं. त्या दोन भावांच्या कंपनीला, नियमांच्या खात्याला, नेहमीच्या पत्त्यावर, त्यांच्या त्या जुन्या पद्धतीच्या इंग्रजीत. ईमेल परत आलं. असा पत्ता अस्तित्वात नाही. त्यांनी पुन्हा पाठवलं, पुन्हा परत आलं. मग कागदावर लिहून टपालानं पाठवलं. ते खातंच बंद झालं होतं. निळ्या बाडाच्या जागी आमच्या मोबाइलवर एक ॲप आलं होतं आणि त्यात हिरवं बटण दाबलं की माल पास होई. ते बटण माझ्या मोबाइलवर होतं.

चार महिन्यांनी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात छताचं प्लास्टर पडलं. पोरी वर्गात होत्या. पोळ्या लाटणारी एक बाई खाली होती. तिचा उजवा खांदा मोडला.

नव्या कंपनीतर्फे गुडगावहून दोघं तरुण चौकशीला आले. लॅपटॉप, पाण्याच्या बाटल्या, सर-सर करत बोलणं. खोलीत पाच जण होतो. त्या दोघांनी पांढरी चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"सर, ये साइन आपका है?"

"मेरा है."

"लेकिन सर, इस डेट पर तो आप छुट्टी पर थे."

"कोरे कागज पर साइन करके गया था. वो मेरा गलती है."

"तो टेस्ट किसने किया? किसी ने तो आपको फ़ोन पर बताया होगा?"

मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. ते घट्टा चोळत होते. मी तोंड उघडलं असतं तर तेवढ्यात सगळं झालं असतं. तेवढं एक वाक्य, मीच सांगितलं होतं. नोकरी गेली असती, फ्लॅट गेला असता, आणि मी त्यांचा गाढव राहिलो असतो.

"मैंने किसी को पूछा नहीं," ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघता मराठीत, त्या पोरांना कळणार नाही अशा मराठीत, "यांचा काही संबंध नाही."

याचा नव्हे. यांचा.

मी गप्प बसलो. पक्कं, भरीव गप्प बसलो. त्या पोरांना बरंच वाटलं असणार. महागडा म्हातारा माणूस स्वतःहून बाजूला झाला, आणखी काय हवं? पंधरा दिवसांत त्यांना घरी पाठवलं. निरोपसमारंभ झाला नाही. मिस्त्रींनी मात्र त्याच दिवशी आपली थापी-रंधा पिशवीत घातला आणि गेटबाहेर पडताना मला म्हणाले, "साहब ने आपको बचा लिया।"

सगळ्यांना तसंच वाटतं. मला तसं वाटत नाही. नापास मालाशी ते भांडत नसत, एवढंच.

ते सांगलीला गेले नाहीत. अमीनाबादच्या खोलीतच राहिले. खांदा मोडलेल्या त्या बाईला बघायला ते दर मंगळवारी जातात, हे मला मिस्त्रींकडूनच कळलं. तिची खोली त्यांनी पहिल्याच दिवशी वाजवली, मग दोघा म्हाताऱ्यांनी मिळून ती अख्खी नव्यानं लिंपली. मी तिला कधीही भेटलो नाही. तिचा पत्ता माझ्याकडं आहे.

कारखानाही राहिला नाही. मोठ्या कुटुंबाला लखनौची गरज उरली नाही. मला शहरातल्या ऑफिसात बढती मिळाली आणि जमीन विकली गेली. तिथं आता मॅरेज लॉन आहे. मी एका लग्नाला गेलो होतो. वधूवरांच्या खुर्च्यांमागं प्लास्टिकच्या फुलांचा पडदा होता आणि एका बाजूला तो जरा सरकला होता. आत ठिगळं दिसत होती, लाल नंबरांसकट. पाठशाला पाडायलाही कुणाला वेळ झाला नव्हता. मी जेवलो, आहेर दिला, घरी आलो.

माझा फ्लॅट त्याआधीच पुरा झाला होता. माल कारखान्यातूनच उचलला होता, स्टाफच्या हिशेबानं. काम संपल्यावर रिकाम्या गोण्या बाहेर पडलेल्या दिसल्या आणि मी त्यावरचा शिक्का वाचला. तोच घाणा. बाहेरच्या खोलीची सगळीच्या सगळी मोठी भिंत. बायकोला काय सांगणार होतो?

वास्तुशांतीला त्यांना बोलवायचं बायकोनंच ठरवलं. तिला काही माहीत नाही. तिच्या लेखी ते आमचं लग्न जमवणारे, भिंती वाजवणारे गमतीदार साहेब. तिनंच फोन केला, आणि ते आले. धुतलेला पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. केस पुन्हा आले होते, पांढरे. दारात चपला काढल्या.

ते भिंतीजवळून तसेच पुढं गेले आणि खुर्चीवर बसले.

मुलाबाळांची चौकशी केली. प्रसाद घेतला. भटजींशी सांगलीबद्दल बोलले. दोन्ही हात मांडीवर होते. तासभर मी त्यांच्या उजव्या हाताकडं बघत होतो. एवढं वाटत होतं की एकदा ठोकावं, डोळे मिटावेत आणि चारचौघांत, माझ्या बायकोसमोर म्हणावं, बोलतंय. नापास म्हणावं. लाल फुली मारावी. मी पायांवर डोकं ठेवलं असतं, खरंच ठेवलं असतं.

निघायला उठले तेव्हा बायको म्हणाली, "असं कसं जाता? सगळ्यांच्या भिंती बघता म्हणे, मग आमची का नाही? यांनी स्वतः उभं राहून करून घेतलीय. वाजवून सांगा ना, कशी झालीय!"

सगळे पाहुणे हसून बघायला लागले. त्यांनी हात पाठीमागं घेतले. मी मागंच उभा होतो, मला दिसत होतं, अंगठा घट्ट्यावर फिरत होता. त्यांनी भिंतीकडं पाहिलं, वरपासून खालपर्यंत, सावकाश.

"चालेल," ते म्हणाले.

मग बायकोला नमस्कार केला, मला म्हणाले, "येतो, तुम्ही बसा," आणि जिना उतरून गेले.

बायको हरखून गेली होती. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर भांडी आवरता आवरता म्हणाली, "एवढे कडक कडक म्हणत होतात. हात न लावता पास केली की आपली भिंत!"

मी म्हटलं, "हो."